सहा माणसं, एक कॅरव्हॅन आणि पोर्ट डग्लस

ताई, आम्ही ब्रिस्बेनला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. नवऱ्याने नुकतीच मित्राकडून सेकंडहँड कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली. आत एक डबल बेड, दोन बंक आणि इवलंसं टॉयलेट आहे. जूनमध्ये कराडहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येतायत. जून-जुलैच्या शाळेच्या सुट्टीत सगळ्यांनी कॅरव्हॅन घेऊन पार उत्तरेला, समुद्रकाठच्या पोर्ट डग्लसला जायचं, हे नवऱ्याने ठरवूनच टाकलंय. सासरे (६९) एका पायावर तयार आहेत. सासूबाई (६५, गुडघेदुखी, मधुमेह) फोनवर म्हणाल्या, "एवढं विमानानं यायचं आणि पत्र्याच्या डब्यात झोपायचं?" मुलांना वाटतंय, बंकवर लोळत लोळत जायचं. मला मात्र एवढंच दिसतंय, की सहा माणसांचा स्वयंपाक दोन हात जागेत मीच करणार. त्यात मगरी आणि जेलीफिश. नवऱ्याचा विरस करायचा नाही, सासूबाईंना दुखवायचं नाही. काय करू?
— गोंधळलेली सून, ब्रिस्बेन

प्रिय सूनबाई,

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. पोर्ट डग्लसला जा. कॅरव्हॅनही न्या. पण सहा जणांनी तिच्याबरोबर जायचं नाही आणि सहा जणांनी तिच्यात झोपायचंही नाही.

मुलांचा मुद्दा एका वाक्यात संपतो. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे, म्हणजे बंकवर लोळणं मुक्कामावर पोचल्यावर. आज सांगून टाक, निघायच्या दिवशी रडारड नको.

आता वजन. तुझ्या नवऱ्याने गाडी किती टन ओढू शकते हा आकडा पाहिला असेल. सगळे तोच पाहतात. गाडीने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं, हा आकडा वेगळा असतो आणि लोक तिथेच अडकतात. तुमची गाडी सात सीटर असणार, नाहीतर सहा जणांचा बेतच झाला नसता. अशा बऱ्याच गाड्यांची ही क्षमता सहा-सातशे किलोच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा हँडबुकात बघा. चार मोठी माणसं आणि दोन मुलं म्हणजे सव्वातीनशे किलो धर. भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टोबारवर (व्हॅन जोडायच्या गाडीमागच्या दांड्यावर) येतो, त्याला बॉल वेट म्हणतात. व्हॅन सव्वादोन टनांची असेल तर ते झाले सव्वादोनशे किलो, आणि तेही गाडीच्याच खात्यात. साडेपाचशे इथेच झाले. अजून बॅगा, कूलबॉक्स, मुलांच्या सीट, सासूबाईंनी बरोबर घेतलेला खाऊ बाकीच आहे. मर्यादेबाहेर वजन लादून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. व्हॅन हेलकावे खायला लागली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

व्हॅन सेकंडहँड आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. दोन टनांवरच्या व्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक लागतात, आणि व्हॅन गाडीपासून सुटलीच तर आपोआप लागणारी ब्रेकची सोयही लागते. ती चालते का, हे मेकॅनिककडून पाहून घ्या. टायर मात्र तू स्वतः बघू शकतेस. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३१७ दिसलं तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. कॅरव्हॅन वर्षातले अकरा महिने अंगणात उभी असते. नक्षी नवी दिसते, रबर म्हातारं झालेलं असतं.

मग अंतर. ब्रिस्बेन ते केर्न्स ब्रूस हायवेने सुमारे १,७०० किलोमीटर, पुढे पोर्ट डग्लस अजून ६५-७०. व्हॅन मागे असताना दिवसाला साडेतीनशेच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. तीनच्या सुमाराला मुक्काम गाठावा, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. जायला पाच दिवस, यायला पाच. दोन आठवड्यांच्या सुट्टीतले दहा दिवस तुम्ही सहा जण गाडीत एकमेकांचे गुडघे बघत बसणार. सासूबाईंचे तर दुखरे.

म्हणून माझं म्हणणं असं. नवऱ्याने शाळेचा शेवटचा आठवडा रजा काढावी आणि व्हॅन घेऊन पुढे निघावं, बरोबर फक्त सासरे. दोघांचं वजन दीडशे किलो, म्हणजे वरचा हिशेबच मिटला. तू, सासूबाई आणि मुलं शनिवारी विमानाने केर्न्सला उतरा. अडीच तासांचं उड्डाण आहे. तिथून नवरा तासाभरात तुम्हाला पोर्ट डग्लसला घेऊन येईल. तिथे नऊ-दहा रात्री एकाच जागी राहायचं. परतताना पुन्हा तसंच, बापलेक रस्त्याने, तुम्ही विमानाने. नवऱ्याची रजा दोन आठवड्यांऐवजी तीन लागेल. तेवढी मिळत नसेल तर यंदा व्हॅन घरी राहू दे, विमानाने जाऊन कॅरव्हॅन पार्कातल्या केबिनमध्ये (छोट्या तयार घरात) राहा. तो हिरमुसेल, पण सुट्टी बुडणार नाही.

सासरे नुसते बसून कंटाळतील असं वाटतं का तुला? कराडचा माणूस आहे. मॅकायपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शिवाय इथला गळीत हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर, आपल्याकडे धुराडी थंड असतात नेमके तेव्हा. तोडणी मशीनने होते. उसाचे वीतभर तुकडे होऊन डब्यांत पडतात आणि दोन फुटी रुळांवरची छोटी आगगाडी ते कारखान्याला नेते. हे रूळ हायवे ओलांडतात, तिथे लाल दिवा लागला की थांबायचंच; डब्यांची रांग लांबलचक असते. केर्न्सच्या अलीकडे गॉर्डनव्हेल लागतं. १९३५ साली उसावरची कीड खायला आणलेले केन टोड पहिल्यांदा सोडले ते याच भागात. किडीचं काही बिघडलं नाही, बेडूक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले. सासऱ्यांना हा किस्सा सांगायला दे, त्यांच्या बैठकीला वर्षभर पुरेल. रॉकहॅम्प्टनला मकरवृत्ताची खूण आहे, तिथे बापलेकांचा फोटो होऊ दे. मुलगा परदेशी गेल्यापासून या दोघांना असे पाच दिवस कधी मिळाले असतील? फक्त व्हॅन ओढायला सासऱ्यांना देऊ नका, त्यांनी कितीही "मी ट्रॅक्टर-ट्रॉली चालवलीय" म्हटलं तरी.

त्याआधी ब्रिस्बेनजवळच एक लाँग वीकेंड व्हॅनमध्ये काढा. नवऱ्याला रिव्हर्स घेता आली पाहिजे. कॅरव्हॅन पार्कात संध्याकाळी करमणूक काय असते माहितीये? नवीन आलेल्याची व्हॅन साइटवर, म्हणजे तिला दिलेल्या जागेवर, लागताना बघणं. शेजारी खुर्च्या टाकून बसतात. बायको मागून हात हलवते, नवरा भलत्याच बाजूला स्टिअरिंग फिरवतो, आणि दोघं त्या दिवशी बोलत नाहीत. खुणा आधीच ठरवा.

आता सासूबाई. त्यांचं वाक्य तू मनाला लावून घेतलंयस, पण मला त्यात मानापमान फारसा दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या, मधुमेह असलेल्या बाईला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. व्हॅनमधलं टॉयलेट म्हणजे कपाटाएवढी खोली. खाली कॅसेट (मैल्याची टाकी) असते, वीस लिटरच्या आतबाहेरची. सहा माणसांत ती दीड दिवसात भरेल. ती काढून डम्प पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागी, नेऊन रिकामी करावी लागते. (हे काम नवऱ्याचं. व्हॅन ज्याची, कॅसेट त्याची.) दुसरा पर्याय म्हणजे पार्कातलं सामायिक स्वच्छतागृह. तिथे रात्री अंधारात, गवतातून, तंबूंच्या दोऱ्या चुकवत चालत जायचं. आणि कुठेही गेलं तरी पाण्याची सोय नाही, कागद. हे सगळं सुनेला फोनवर कसं सांगायचं? मग बाई म्हणते, पत्र्याचा डबा.

त्यांच्यासाठी त्याच पार्कात केबिन घे. संडास-बाथरूम आत असलेली, पायऱ्या कमी असलेली, तुमच्या साइटच्या जवळची. पोर्ट डग्लसच्या पार्कांमध्ये अशा केबिन असतात. दर व्हॅनच्या साइटपेक्षा बराच जास्त पडेल, पण साइटचा दरही सहसा दोघांचा असतो, वरच्या प्रत्येक माणसाचे पैसे वेगळे. शिवाय व्हॅनमध्ये चार जणांपुरतेच बिछाने. सहा जणांसाठी बाहेर ॲनेक्स (व्हॅनला जोडायचा तंबू) लावून सासऱ्यांना कॅम्पकॉटवर झोपवणार होतात का? केबिनच्या बाथरूममध्ये प्लास्टिकचा एक मग ठेव, काही न बोलता. त्या बघतील आणि समजतील.

केबिनचा आणखी एक फायदा स्वयंपाकाचा आहे. तिथे छोटा ओटा, फ्रिज, किटली, बहुतेक ठिकाणी शेगडीही असते. सासूबाईंना साडेपाचला उठून स्वतःच्या हातचा चहा करता आला की त्यांची निम्मी तक्रार तिथेच विरघळते, हे मी पैजेवर सांगते. तुझंही भलं होतं, कारण साडेपाचला तुला कोणी उठवत नाही.

पण स्वयंपाकाची वाटणी निघण्याआधी व्हायला हवी आणि ती तू करायची नाहीस. कल्पना नवऱ्याची, आई नवऱ्याची. त्यानेच आईला फोन करावा: "आई, तुमच्यासाठी वेगळी खोली घेतलीय, बाथरूम आत आहे. दिवसातून एकदाच स्वयंपाक, एक वेळ बाहेरचं." हेच तू सांगितलंस तर सून स्वयंपाक टाळते, मुलाने सांगितलं तर मुलगा काळजी घेतो. अन्याय आहे. पण दहा दिवसांत तो दूर होणार नाही, तेव्हा त्याचा उपयोग करून घे.

व्हॅनमध्ये फोडणी घालू नकोस. धुराचा अलार्म बोंबलायला लागेल आणि मोहरीचा वास गाद्यांना महिनाभर राहील. फोडणी बाहेर, ऑनिंगखाली (व्हॅनच्या कापडी छपराखाली), इंडक्शनवर. तिथेही एक पाहून ठेव. पॉवर्ड (वीज असलेल्या) साइटला पंधरा अँपिअर मिळतात, म्हणजे साधारण ३,६०० वॉट. एसी, किटली आणि इंडक्शन एकाच वेळी लावलंत की खटका पडतो आणि सगळी व्हॅन अंधारात. जूनमध्ये तिकडे रात्री तापमान अठरा अंशांच्या आसपास उतरतं, एसी लागणारच नाही. कॅम्प किचनमध्ये बार्बेक्यूचे मोठे तवे असतात, पण त्यावर दिवसभर सॉसेज आणि स्टेक भाजलेले असतात. सासूबाईंना चालणार नसेल तर आपला तवा बरोबर घ्या. थालीपीठाच्या भाजणीचा डबा ब्रिस्बेनहूनच भर. सासू-सासरे कराडहून काय आणतायत ते मात्र विमानातल्या कार्डावर लिहायला सांग. तूप, पेढे आणि बर्फी तिथे काढून घेतले जाण्याची शक्यता बरीच आहे, आणि न लिहिता आणलं तर दंड. भांडी घासणं मुलांकडे. कॅम्प किचनच्या सिंकपाशी दुसरी मुलं भेटतात, त्यांना ते काम वाटतच नाही.

प्राण्यांची भीती तू घातलीयस त्यापेक्षा कमी आणि नवऱ्याने घातली असेल त्यापेक्षा जास्त घाल. जेलीफिशचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. त्या काळात बॉक्स जेलीफिशसाठी पाण्यात जाळी लावतात. जून-जुलैत धोका बराच कमी, पण इरुकांजी नावाची नखाएवढी जात क्वचित एरवीही सापडते, म्हणून अंगभर लायक्रा सूट घालून मुलांना पाण्यात सोडलंत तर उत्तम. दंश झालाच तर किनाऱ्यावर खांबाला लावलेलं व्हिनेगर ओतायचं आणि तातडीच्या मदतीसाठी ०००ला फोन. फोर माइल बीचवर पोहणं फक्त लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्ये.

मगरींचं वेगळं. त्यांना मोसम नसतो. गावाच्या मागच्या डिक्सन इनलेटमध्ये त्या आहेत, नद्यांच्या मुखांशी आहेत, समुद्रातूनही ये-जा करतात. खाडीच्या, ओढ्याच्या काठापासून पाच मीटर तरी लांब राहायचं, बोट उतरवायच्या धक्क्यावर मुलांना बादली घेऊन बसू द्यायचं नाही, माशांचे अवशेष पाण्यात टाकायचे नाहीत. पिवळ्या पाट्या सजावटीसाठी नसतात. मगर बघायचीच असेल तर डेनट्री नदीवर बोटीतून. तासाभराची फेरी असते, आणि सासूबाईंना बसल्या जागी बघता येते. मगरींचे व्हिडिओ मात्र आत्ता कराडच्या ग्रुपवर टाकू नकोस.

दहा दिवस तिथे करायचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण सासूबाई विचारतील. मॉसमन गॉर्ज, म्हणजे रानातली घळ, गाडीने वीसेक मिनिटांवर. सेंटरपासून पुढे शटल बस नेते, आणि सुरुवातीची वाट फळ्यांची, सपाट आहे. त्यांना तेवढी झेपेल. तिथले मूळ रहिवासी कुकू यलांजी लोक स्वतः रानातून फिरवून आणतात आणि सुरुवातीला धुरी देऊन स्वागत करतात. आपल्या माणसांना हे फार जवळचं वाटतं असं मी पाहिलंय. हे रान १९८८ पासून जागतिक वारसा आहे, समोरचं ग्रेट बॅरिअर रीफ १९८१ पासून. दोन्ही एकाच गावातून गाठता येतात, म्हणून तर एवढी गर्दी. गॉर्जच्या पाण्यात मुलांना उतरवण्याआधी पाटी वाचा. डोंगरावर पाऊस झाला की पाणी अचानक चढतं. डेनट्री नदी फेरीबोटीने ओलांडून केप ट्रिब्युलेशनला जाल तेव्हा व्हॅन पार्कातच ठेवा. पलीकडचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे.

रीफला जाताना वाऱ्याचा विचार करा. जून-जुलै कोरडा हंगाम खरा, पण आग्नेयेचे वारे याच दिवसांत जोरात वाहतात आणि बाहेरच्या रीफवर बोट चांगलीच उसळते. सासू-सासऱ्यांना घेऊन लो आइल्सला जा. बेट जवळ आहे, १८७८ चं दीपगृह आहे, आणि तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ दिसतं. मळमळीची गोळी निघण्याआधी द्यायची, हेलकावे सुरू झाल्यावर नाही. रविवारी समुद्राकाठी बाजार भरतो, तिथे दोघांना बाकावर बसवून तू आणि नवरा अर्धा तास एकटे फिरा. संध्याकाळी कांदळवनाकडून सँडफ्लाय येतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण मुलांचे पाय फोडून काढतात. लांब पायजमा आणि मलम.

पैशांत काटकसर करायची तर बाहेरच्या जेवणात कर, सासू-सासऱ्यांच्या वैद्यकीय विम्यात नको. भारतीय पाहुण्यांना मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्ययोजना) लागू नाही. तुम्हाला क्वीन्सलंडमध्ये ॲम्ब्युलन्स फुकट आहे म्हणून त्यांनाही असेल असं धरू नकोस, त्यांना बिल येतं. पॉलिसीत आधीपासूनचा मधुमेह धरलाय का, हे लेखी विचार. छोटं रुग्णालय मॉसमनला आहे, मोठं केर्न्सला. औषधं आणि प्रिस्क्रिप्शन विमानाच्या हातातल्या पिशवीत, नवऱ्याबरोबर गाडीत नाही.

पत्र मार्चमध्ये लिहिलंस हे बरं केलंस, पण आता थांबू नकोस. दक्षिणेतली थंडी चुकवायला निवृत्त मंडळी मे महिन्यापासूनच व्हॅन घेऊन वर सरकतात आणि शाळेच्या सुट्टीत तर साइट मिळत नाहीत. आधी केबिनचं बघ, त्या आधी संपतात. मग तिच्या जवळची साइट माग. व्हॅनची लांबी विचारतील, ती पुढचा ओढदांडा धरून सांग, नुसत्या खोलीची नाही. नाहीतर साइट आखूड पडते आणि गाडी रस्त्यावर उभी राहते.

— ताई